फुजीचा पाऊस आणि निकी लाउडावरचा खटला

२४ ऑक्टोबर १९७६. जपानमधील फुजी स्पीडवे. ७३ फेऱ्यांच्या शर्यतीतील दुसरी फेरी संपताच विद्यमान जगज्जेता आपली लाल फेरारी पिटमध्ये आणतो, पट्टे सोडवतो आणि खाली उतरतो. गाडीत बिघाड नाही, टायर शाबूत आहेत, अपघात झालेला नाही. तासा-दीड तासाने त्याचे विजेतेपद एका गुणाने जाते. जवळजवळ पन्नास वर्षे या एका कृतीवर खटला चालू आहे. आरोप एकच: निकी लाउडा घाबरला. बचावही ठरलेला: बिचारा नुकताच आगीतून वाचला होता, घाबरणारच. आरोप खोटा आहे. आणि हा दयाळू बचाव त्याहूनही खोटा आहे. (धागा)

खटल्याची पार्श्वभूमी थोडक्यात. ऑस्ट्रियाचा लाउडा १९७५ मध्ये फेरारीकडून जगज्जेता झाला आणि १९७६ चा हंगामही त्याने एकहाती चालवला. त्याचा प्रतिस्पर्धी मॅक्लारेनचा इंग्रज चालक जेम्स हंट. १ ऑगस्टला जर्मन ग्रां प्री होती, न्यूर्बुर्गरिंगच्या सुमारे तेवीस किलोमीटर लांबीच्या डोंगरी रस्त्यावर. एवढ्या लांबीवर आग विझवणारी आणि जखमींना उचलणारी माणसे पुरवणे अशक्य आहे, म्हणून तिथे शर्यत करूच नये, असा प्रस्ताव लाउडाने चालकांच्या सभेत मांडला होता. तो एका मताने पडला. लाउडाने बहुमत मानले आणि शर्यतीत उतरला. दुसऱ्याच फेरीत बेर्गवेर्क वळणाजवळ त्याची गाडी उधळली, पेटली आणि मागून येणाऱ्या गाडीने तिला धडक दिली.

त्याला ज्वाळांतून बाहेर काढले ते यंत्रणेने नव्हे. आर्तुरो मेर्झारिओ, गाय एडवर्ड्स, ब्रेट लंगर आणि हराल्ड एर्टल हे चार सहस्पर्धी आपापल्या गाड्या सोडून धावले. डोके आणि चेहरा भाजला, उजव्या कानाचा बराचसा भाग गेला, विषारी धुराने फुफ्फुसे निकामी होऊ लागली. रुग्णालयात धर्मगुरूने त्याच्यासाठी अंतिम धर्मविधीही उरकले. आणि बेचाळीस दिवसांनी, १२ सप्टेंबरला, तोच माणूस मोंझाच्या इटालियन ग्रां प्रीमध्ये उतरला. जखमा भरलेल्या नव्हत्या, शिरस्त्राणाखाली पट्ट्या होत्या. तो चौथा आला. त्या दिवशी आपण भयभीत होतो, हे त्याने पुढे स्वतःच सांगितले. भ्याडपणाचा आरोप ज्याच्यावर ठेवला जातो, तो माणूस हा.

आता फुजी. शर्यतीच्या नावापासूनच गंमत आहे. बहुतेक जण तिला १९७६ ची जपान ग्रां प्री म्हणतात, पण त्या वर्षी ते नाव देशांतर्गत फॉर्म्युला टू शर्यतीकडे होते; म्हणून ही अधिकृतपणे ‘जपानमधील एफ वन जागतिक अजिंक्यपद शर्यत’ होती. जपानच्या भूमीवरची फॉर्म्युला वनची ही पहिलीच अजिंक्यपद शर्यत आणि हंगामातील शेवटची. लाउडाचे गुण ६८, हंटचे ६५. पहिल्या सहा जणांना अनुक्रमे ९, ६, ४, ३, २, १ असे गुण मिळत. एवढे गणित डोक्यात ठेवून पात्रता सत्राकडे वळावे.

पात्रता सत्रे कोरड्या रस्त्यावर झाली. पोल पोझिशन मिळाली लोटसच्या मारिओ आंद्रेत्तीला: १ मिनिट १२.७७ सेकंद. हंट १ मिनिट १२.८० सेकंदांसह दुसरा, म्हणजे अंतर एका सेकंदाच्या शंभर भागांपैकी तीन भागांचे. लाउडा १ मिनिट १३.०८ सेकंदांसह तिसरा. त्यांच्यामागे जॉन वॉटसन आणि जोडी शेक्टर. घरच्या प्रेक्षकांना आनंद दिला तो कोजिमा या जपानी बनावटीच्या गाडीने: मासाहिरो हासेमीने ती दहाव्या स्थानी आणून ठेवली, आणि तीही सरावात मोठा अपघात होऊन गाडी नव्याने उभी करावी लागल्यावर. घाबरलेला चालक पात्रता सत्रात पहिल्या माणसापासून एक तृतीयांश सेकंदाच्या आत राहत नाही. लाउडाची भीती कोरड्या शनिवारी कुठे होती, हा प्रश्न आरोपकर्त्यांना विचारला पाहिजे. रविवारी बदलले ते आकाश. माणूस आदल्या दिवशीचाच होता.

रविवारी सकाळी फुजी पर्वत दिसेनासा झाला. धो धो पाऊस, वर धुके. रस्त्यावर जागोजागी ओहोळ आडवे वाहत होते. शर्यत दुपारी दीडच्या सुमारास सुरू व्हायची होती. ती पुढे ढकलली, पुन्हा ढकलली. चालकांत खल झाला, मते फुटली. लाउडा आणि फिटिपाल्डीसारखे अनुभवी चालक अशा पाण्यात शर्यत नको म्हणत होते, आणि खुद्द हंटलाही त्या परिस्थितीत धावण्याची हौस नव्हती. दुसरीकडे हजारो प्रेक्षक भिजत बसले होते, दूरचित्रवाणीच्या उपग्रह प्रक्षेपणाची वेळ ठरलेली होती, आणि ऑक्टोबर अखेरीस तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. तीनच्या पुढे सुरुवात लांबली असती तर शर्यत उजेडात संपली नसती. अखेर तीन वाजून गेल्यावर ती सुरू करण्यात आली. पाऊस पुरेसा कमी झाला असे त्या क्षणी म्हणता येत नव्हते. दिवस संपत आला होता, एवढे मात्र नक्की.

१९७६ ची गाडी पाण्यात काय करते, हे न समजता लाउडाचा न्याय करता येत नाही. त्या काळी मागचे टायर पिंपाएवढे रुंद असत. रुंद टायरला कोरड्या डांबरावर पकड मिळते. साचलेल्या पाण्यावर मात्र तोच टायर पाणी बाजूला सारू शकत नाही आणि पाण्याच्या पातळ थरावर तरंगू लागतो. मग सुकाणू फिरवून उपयोग नाही, ब्रेक दाबून उपयोग नाही. गाडी जिकडे निघाली तिकडे जाते. फुजीची मुख्य सरळ वाट सुमारे दीड किलोमीटरची. तिच्यावर पाचशेहून अधिक अश्वशक्तीची गाडी अशी तरंगली, तर चालकाचे कौशल्य आणि प्रवाशाचे कौशल्य यांत फरक राहत नाही.

दुसरे असे की तेच टायर मागच्या बाजूला पाण्याची भिंत उभी करतात. सर्वांत पुढे असलेल्याला रस्ता दिसतो. दुसऱ्याला अर्धवट दिसतो. त्यानंतरच्यांना राखाडी रंगाखेरीज काहीही दिसत नाही. हंटने सुरुवातीलाच आंद्रेत्तीला मागे टाकून आघाडी घेतली, तेव्हा त्याने स्थानाबरोबर दृष्टीही मिळवली. ही त्याची हुशारी होती आणि तिचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. लाउडा मात्र त्या भिंतीत होता. भाजल्यामुळे त्याच्या पापण्या नीट मिटत नव्हत्या, डोळ्यांतले पाणी आवरत नव्हते. इतरांना एक आंधळेपण होते, त्याला दोन.

दोन फेऱ्यांनंतर तो थांबला. फेरारीचा तांत्रिक प्रमुख माउरो फोर्गिएरी याने त्याला एक सोयीस्कर वाट देऊ केली: इंजिनात बिघाड झाला असे जाहीर करू. या प्रसंगाचा सारा गाभा या ठिकाणी आहे आणि नेमका तोच सांगताना घाईने ओलांडला जातो. ते खोटे लाउडाने स्वीकारले असते तर आज हा खटलाच नसता. इटलीतील वृत्तपत्रांनी दैवाला दोष दिला असता, फेरारीच्या चाहत्यांनी उसासे टाकले असते, आणि तो जखमी वीर म्हणून घरी गेला असता. त्याने नकार दिला. या परिस्थितीत गाडी चालवणे वेडेपणाचे आहे म्हणून आपण थांबलो, एवढेच त्याने सांगितले. स्वतःची अब्रू वाचवण्याची आयती संधी नाकारणाऱ्याला भ्याड म्हणायचे असेल, तर त्या शब्दाला निराळा कोश लागेल.

यापुढची वस्तुस्थिती तर आरोपकर्ते बहुधा सांगतच नाहीत. त्या दिवशी स्वतःहून थांबणारा लाउडा पहिला नव्हता आणि शेवटचाही नव्हता. ब्राबहॅमचा लॅरी पर्किन्स एकाच फेरीनंतर थांबला. त्याचा सहकारी कार्लोस पाचे सात फेऱ्यांनंतर थांबला. एमर्सन फिटिपाल्डी, १९७२ आणि १९७४ चा जगज्जेता, नऊ फेऱ्यांनंतर थांबला. चौघांपैकी तिघे त्या वर्षी आगीत सापडले नव्हते, तिघांच्या पापण्या धड होत्या. मग त्यांना कोणी भ्याड का म्हटले नाही? कारण त्यांच्या थांबण्याने गुणतक्ता हलला नाही. एकाच रस्त्यावर, एकाच पावसात, एकच निर्णय चार जणांनी घेतला. त्यातील तीन निर्णय विवेकाचे ठरले आणि ज्याची किंमत सर्वांत मोठी होती तो भित्रेपणाचा ठरला. हा न्याय उलटा आहे. गमावण्यासारखे काहीच नसताना थांबणे सोपे असते.

दयाळू बचावही इथेच कोसळतो. लाउडा थांबला तो न्यूर्बुर्गरिंगच्या धक्क्यामुळे, असे म्हणणारे त्याच्यावर उपकार करत असल्याच्या थाटात बोलतात. प्रत्यक्षात ते त्याच्या निर्णयातून बुद्धी काढून घेतात आणि जखम तेवढी शिल्लक ठेवतात. २०१३ च्या ‘रश’ या चित्रपटाने तर त्या क्षणाला प्रेमकथेची झाक दिली. चित्रपट देखणा आहे, याबद्दल वाद नाही. तरुण वाचकांपैकी अनेकांना हा इतिहास त्यानेच कळवला असेल. पण पडद्यावरचे अश्रू पुराव्यादाखल चालत नाहीत. धक्का बसलेला माणूस मोंझाला चौथा येत नाही, त्यानंतर वॉटकिन्स ग्लेनला तिसरा येत नाही आणि फुजीच्या पात्रता सत्रात तिसरे स्थान पटकावत नाही. न्यूर्बुर्गरिंगने त्याला भीती शिकवली असेलही. त्याहून महत्त्वाचा धडा निराळा होता: बहुमत चुकीचे असताना ते मानले, तर जळायचे स्वतःलाच असते. ऑगस्टमध्ये त्याने एका मताचा पराभव मान्य केला होता. ऑक्टोबरमध्ये त्याने मतदानाची वाट पाहिली नाही.

‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण अशा वेळी हमखास फेकली जाते. कधीकधी अंगण खरेच वाकडे असते. ते तपासण्याचा साधा उपाय म्हणजे त्याच अंगणाबद्दल दुसरे कोण काय म्हणाले, हे पाहणे. फिटिपाल्डीचा साक्षीपुरावा या बाबतीत फार मोलाचा आहे. एप्रिल १९७५ मध्ये बार्सिलोनाच्या मोंजुइक रस्त्यावर स्पॅनिश ग्रां प्री होती. संरक्षक कठड्यांचे बोल्ट नीट आवळलेलेच नाहीत, असे चालकांच्या लक्षात आले. बोंबाबोंब झाली, घाईघाईत डागडुजी झाली, दडपण आले, आणि बहुतेकांनी माघार घेतली ती आपल्या विरोधातून. फिटिपाल्डी तेव्हा जगज्जेता होता. त्याने सुरुवातीलाच संथपणे गाडी फिरवून आणली आणि तो निघून गेला. काही काळाने रोल्फ स्टोमेलेनच्या गाडीची मागची पाख तुटली, गाडी कठड्यापलीकडे उडाली आणि तिथे उभी असलेली माणसे मेली. त्या दिवशी फिटिपाल्डी बरोबर होता, हे कबूल करायला कोणाला अडचण वाटत नाही. प्रेते पडली की विवेकाला मान्यता मिळते. फुजीला सुदैवाने कोणी मेले नाही, म्हणून तोच विवेक दोषी.

आरोपकर्त्यांचा सर्वांत जोरकस मुद्दा हा आहे की पाऊस नंतर थांबला. तो खरोखर ओसरला. शर्यतीच्या उत्तरार्धात रस्ता सुकू लागला. लाउडा हळूहळू फिरत राहिला असता, चार-दोन गुण मिळवून विजेता झाला असता, असे म्हणतात. त्याचाच सहकारी क्ले रेगात्झोनी धावत राहिला आणि पाचवा आला, हेही सांगतात. मुद्दा ऐकायला बिनतोड वाटतो आणि त्यात इतिहासाच्या विद्यार्थ्याने टाळावयाची जुनीच चूक आहे. निर्णय घेणाऱ्याला जे माहीत होते त्यावर निर्णयाची पारख करायची असते. नंतर काय घडले ते त्याच्या हिशेबात घालता येत नाही. तीन वाजून काही मिनिटांनी लाउडाला पाऊस दिसत होता. पुढच्या तासाभराचे आकाश त्याला दिसत नव्हते, आणि सायंकाळ जवळ येत होती. डोळे मिटून हमरस्ता ओलांडणारा एखादा सुखरूप पलीकडे पोहोचला, तर डोळे उघडे ठेवून काठावर थांबलेला मूर्ख ठरत नाही. ‘सुंठीवाचून खोकला गेला’ याचा अर्थ सुंठ निरुपयोगी होती असा कोणी काढत नाही.

शर्यतीचा उरलेला भाग मात्र हंटचा आहे, आणि तो त्याच्याकडून कोणी हिरावून घेऊ नये. पहिल्या ६१ फेऱ्या तो आघाडीवर होता. व्हिट्टोरिओ ब्रांबिलाने त्याला गाठण्याचा आडदांड प्रयत्न केला आणि गाडी गरकन फिरवून घेतली. मॅक्लारेनचाच योखेन मास दुसऱ्या स्थानावरून हंटची पाठ राखत होता. तो घसरून बाहेर गेला. मग टॉम प्राइस दुसऱ्या स्थानी चढला, तर त्याचे इंजिन बंद पडले. रस्ता सुकू लागला तसे पावसाळी टायर तापून झिजायला लागले. अनुभवी आंद्रेत्ती मुद्दाम पाणी साचलेल्या पट्ट्यांवरून गाडी नेऊन टायर थंड ठेवत होता. हंटने तेवढी काळजी घेतली नाही. ६२ व्या फेरीला पॅट्रिक दपाये आणि आंद्रेत्ती त्याच्या पुढे गेले. दोनच फेऱ्यांत दपायेचे टायर बसले, तो पिटमध्ये गेला, आणि आंद्रेत्ती आघाडीवर आला.

हंट खुणा करून आपल्या चमूला विचारत होता, थांबू की नको? चमूने निर्णय त्याच्यावरच सोडला. मग डाव्या बाजूच्या पुढच्या टायरने तो परस्पर घेऊन टाकला. ६८ व्या फेरीला हंट पिटमध्ये आला, चारही टायर बदलले, आणि बाहेर पडला तेव्हा पाचवा होता. पाचव्या स्थानाचे दोन गुण म्हणजे ६७. विजेतेपद लाउडाचे. फेऱ्या उरल्या होत्या पाचच्या आत. त्या त्याने कशा चालवल्या हे पाहताना लाउडाच्या कट्टर समर्थकांनीही टोपी काढावी. झिजल्या टायरवर कसेबसे तग धरून असलेल्या रेगात्झोनीला आणि अ‍ॅलन जोन्सला त्याने मागे टाकले आणि तिसरा आला. पण ते त्याला ठाऊकच नव्हते. सर्व काही हातचे गेले या समजुतीने तो गाडीतून उतरला तो चमूप्रमुख टेडी मेयरवर ओरडतच. तीन बोटे पुन्हा पुन्हा दाखवून त्याला पटवावे लागले की तो जगज्जेता झाला आहे. आंद्रेत्ती पहिला, एक फेरी मागे राहून दपाये दुसरा, हंट तिसरा, जोन्स चौथा, रेगात्झोनी पाचवा, गुन्नार निल्सन सहावा. आंद्रेत्तीचा १९७१ नंतरचा हा पहिला ग्रां प्री विजय, आणि तो आजही सर्वांत कमी आठवला जातो. दुसऱ्यांच्या नाटकात जिंकणाऱ्यांचे असेच होते.

जाता जाता एक नोंद. अधिकृत कागदांत शर्यतीतील सर्वांत वेगवान फेरी हासेमीच्या नावावर लागली. ती वेळ मोजणाऱ्यांची चूक होती. काही दिवसांनी दुरुस्ती होऊन मान झाक लाफिटकडे गेला. तरीही अनेक तक्त्यांत हासेमीचे नाव अजून तसेच आहे. घड्याळ घेऊन बसलेल्यांची ही कथा असेल, तर माणसाच्या मनातली भीती दुरून मोजणाऱ्यांनी थोडे जपून बोलावे.

आता तो प्रसिद्ध एक गुण. हंट ६९, लाउडा ६८. म्हणून फुजीला लाउडाने विजेतेपद फेकून दिले, असे म्हणण्याची रीत पडली आहे. अंतिम हिशेबाची वही उघडली तर वेगळेच दिसते. न्यूर्बुर्गरिंगच्या अपघातापूर्वी लाउडाचे ६१ गुण होते आणि हंटचे २६. पस्तीस गुणांची आघाडी! लाउडा रुग्णालयात असताना जर्मनी, ऑस्ट्रिया आणि नेदरलँड्स या तीन शर्यतींत हंटने ९, ३ आणि ९ असे २१ गुण मिळवले. विजेतेपद जिथे निसटले ती जागा बेर्गवेर्क होती. फुजीला फक्त पावती फाटली. शिवाय एका गुणाचे नाटकही पुरते खरे नाही. हंट चौथा आला असता तर दोघांचे गुण समान, ६८, झाले असते. आणि मग हंटच्या सहा विजयांपुढे लाउडाचे पाच कमी पडून विजेतेपद हंटकडेच गेले असते.

वही उघडलीच आहे तर हंटच्या बाजूचीही नोंद वाचली पाहिजे, नाहीतर हा धागाही आरोपकर्त्यांच्या पंगतीत बसेल. त्या वर्षी ब्रँड्स हॅचची ब्रिटिश ग्रां प्री हंटने रस्त्यावर जिंकली होती. पहिल्याच फेरीत अपघात झाला, शर्यत थांबली, आणि हंटने ती फेरी नियमानुसार पूर्ण केली नव्हती असा आक्षेप निघाला. सप्टेंबर अखेरीस त्याचा विजय रद्द होऊन नऊ गुण लाउडाला मिळाले. तो निकाल फिरला नसता तर हंट फुजीची वाट न पाहताच लाउडाच्या पुढे गेला असता. उलट स्पेनमध्ये हंटची गाडी जेमतेम १.८ सेंटिमीटर जास्त रुंद भरली म्हणून हिरावलेला विजय त्याला परत मिळाला होता. म्हणजे १९७६ चे विजेतेपद रस्त्यावर, रुग्णालयात आणि अपील न्यायालयात असे तीन ठिकाणी ठरले. अशा हंगामाचा सारा भार दोन फेऱ्यांच्या एका निर्णयावर टाकणे हे हिशेबाला धरून नाही. हंटने स्वतः तसे कधी केले नाही. तो लाउडाचा जुना मित्र होता आणि त्या निर्णयाबद्दल त्याने आदरानेच बोलणे पसंत केले. भ्याडपणाचा शब्द कोरड्या कपड्यांत बसलेल्यांच्या लेखणीतून आला.

खऱ्या आरोपीच्या पिंजऱ्यात कोण उभे राहायला हवे होते? सकाळपासून शर्यत ढकलत राहून, पाणी तसेच असताना, अंधार पडण्यापूर्वी उरकायची म्हणून ती सुरू करणारी व्यवस्था. थांबायचे की नाही हा निर्णय तिने घेतला नाही. तो तिने पंचवीस चालकांच्या गळ्यात बांधला. प्रत्येकाने एकट्याने, पाण्याच्या भिंतीत, आपापल्या करारासह आणि आपापल्या गुणांसह ठरवावे. आजच्या फॉर्म्युला वनमध्ये पाणी जास्त झाले तर लाल झेंडा दाखवतात आणि सर्व गाड्या एकत्र थांबतात. २०२१ मध्ये बेल्जियमला मुसळधार पावसात सुरक्षा गाडीमागून मोजक्याच फेऱ्या होऊन सामना संपला. प्रेक्षक चिडले, तिकिटांच्या पैशांवरून वाद झाला, पण पावसात खरी शर्यत का लावली नाही म्हणून चालकांना कोणी भ्याड म्हटले नाही. १९७६ मध्ये लाउडा स्वतःचाच लाल झेंडा झाला, एवढाच फरक.

पुढच्या वर्षी, १९७७ मध्ये, तो पुन्हा जगज्जेता झाला, फेरारीकडूनच; आणि विजेतेपद निश्चित होताच हंगाम संपण्यापूर्वी फेरारी सोडून निघून गेला. एन्झो फेरारी आणि त्याच्यातील विश्वास न्यूर्बुर्गरिंगनंतरच्या काळात तडकला होता. तो रुग्णालयात असतानाच कार्लोस रॉयटेमानला संघात आणले गेले होते. त्याच १९७७ च्या हंगामात फुजीला हंट जिंकला. तो त्याचा शेवटचा ग्रां प्री विजय. त्या शर्यतीत जिल विलेनव्हची गाडी रॉनी पीटरसनच्या गाडीवर आदळून उडाली आणि मनाई असलेल्या जागी उभे असलेल्यांपैकी दोघांचा बळी गेला. फॉर्म्युला वन जपानला परतले ते दहा वर्षांनी, १९८७ मध्ये, सुझुकाला.

लाउडाने तिसरे विजेतेपद १९८४ मध्ये मिळवले, अर्ध्या गुणाने: त्याचे ७२, अ‍ॅलन प्रॉस्टचे साडेएकाहत्तर. तो अर्धा गुण आला कुठून, तर मोनाकोच्या पावसातून. जूनमधली ती शर्यत मुसळधार पावसामुळे ३१ फेऱ्यांनंतर थांबवण्यात आली आणि सर्वांना निम्मे गुण मिळाले. प्रॉस्टच्या पदरी नऊऐवजी साडेचार पडले. लाउडा स्वतः त्याआधीच घसरून बाहेर गेला होता. शर्यत पूर्ण चालून प्रॉस्ट दुसरा जरी आला असता तरी सहा गुण मिळवून तोच जगज्जेता ठरता. शर्यत थांबवण्याचा झेंडा दाखवला होता जॅकी इक्सने, जो स्वतः पावसातला नावाजलेला चालक होता. पंचांना न विचारता ती थांबवली म्हणून त्याला दंड झाला आणि त्याचा अधिकारपरवाना निलंबित करण्यात आला.